देव नाकारला म्हणजे प्रज्ञा आली काय?



धम्मदीक्षा घेतलेल्या घरांतून एक वाद हमखास ऐकू येतो. कॉलेजात जाणारा मुलगा म्हणतो, देव मानणारे सगळे अडाणी; आम्ही देव सोडला, म्हणून आमची बुद्धी वर गेली. चुलीजवळ बसलेली आजी म्हणते, बाबा, देवावाचून का कुणाचं चालतंय? आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ तिसरेच सांगतात: तुमच्या धर्मात देवच नाही, मग त्यात खोली ती काय? आमचा वेदान्त बघा, केवढा गहन! नवदीक्षित माणूस या तिघांच्या मध्ये सापडतो. मुलाला गप्प करावे, आजीला समजवावे की त्या गृहस्थांना उत्तर द्यावे, हे त्याला उमगत नाही. देव मानणाऱ्याची बुद्धी खोल की न मानणाऱ्याची, हा प्रश्न म्हणूनच आपल्या घरातला आहे. तो पंडितांवर सोडून चालणार नाही.

पहिल्यानेच सांगून टाकतो. ईश्वराने सृष्टी निर्माण केली आणि तो ती चालवतो, हे मत बौद्धांना मान्य नाही. तथागतांनी ते नाकारले, बाबासाहेबांनी ते नाकारले आणि त्यांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पहिल्या पाच देवदेवतांना आणि अवतारांना नकार देणाऱ्याच आहेत. या बाबतीत हा लेख काठावर बसून लिहिलेला नाही. पण मत बरोबर असणे वेगळे आणि ते मत धरणाऱ्याची बुद्धी खोल असणे वेगळे. शेजारच्या पाटीवर बघून उत्तर उतरवणाऱ्या मुलाचे उत्तर बरोबर येते, गणित मात्र त्याला येत नाही. आपल्यातले किती जण असे उत्तर उतरवणारे आहेत, हे आपणच तपासायला हवे.

आधी 'नास्तिक' हा शब्दच पाहू. ज्या मनुस्मृतीची महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी होळी झाली, तिच्या दुसऱ्या अध्यायात नास्तिक कोणाला म्हणावे ते सांगितले आहे. तर्काच्या जोरावर जो वेदाची आणि स्मृतीची अवहेलना करतो, त्याला सज्जनांनी बाहेर काढावे; वेदाची निंदा करणारा तो नास्तिक. या व्याख्येत देवाचे नावसुद्धा नाही! म्हणजे देव मान अगर मानू नकोस, वेदाला आणि स्मृतीला हात लावू नकोस, एवढीच अट. हे मी शब्दाचा कीस काढण्यासाठी सांगत नाही. याचा मोठा पुरावा इतिहासात आहे.

मीमांसक नावाचा वैदिक तत्त्वज्ञांचा एक पंथ होता. सातव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेला कुमारिल भट्ट हा त्यातला अतिशय तल्लख पंडित. त्याने आपल्या श्लोकवार्तिकात जग निर्माण करणारा ईश्वर असू शकत नाही, असे युक्तिवाद करून मांडले आहे. ईश्वराला शरीर नव्हते तर त्याने निर्माण करण्याची इच्छा तरी कशी केली? त्याला कसली गरज होती? दुःखाने भरलेले जग त्याने का केले? आजचा आपला कॉलेजचा मुलगा जे प्रश्न विचारतो, ते या भट्टाने तेराशे वर्षांपूर्वी त्याच्याहून चांगले विचारले आहेत. मग हा कुमारिल आपला झाला काय? मुळीच नाही. वेद हे कोणीच रचलेले नाहीत, ते स्वयंसिद्ध आहेत, हे टिकवण्यासाठीच त्याला ईश्वर नको होता. याच पंडिताने बुद्धाला दोष काय दिला? तर क्षत्रियाने धर्मोपदेश करायचा नसतो, तो ब्राह्मणाचा अधिकार. बुद्धाने आपल्या वर्णाचा धर्म मोडला. म्हणजे देव गेला, वर्ण राहिला. बुद्धी केवढी आणि शेवटी ती नोकरीला कोणाच्या! देव नाकारणारा प्रत्येक जण आपल्या बाजूचा, असे समजणाऱ्यांनी हे उदाहरण विसरू नये.

भगवान बुद्धांच्या काळीही नास्तिकांची वाण नव्हती. दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात मगधाचा राजा अजातशत्रू राजगृहाला जीवकाच्या आंबराईत तथागतांना भेटायला येतो आणि आपण आजवर कोणाकोणाला काय विचारले ते सांगतो. अजित केसकंबली त्याला म्हणाला होता की, दानाला अर्थ नाही, यज्ञाला अर्थ नाही, चांगल्या-वाईट कृत्याला फळ नाही. माणूस चार भूतांचा बनलेला, मेला की मूर्ख आणि शहाणा दोघेही सारखेच नाहीसे होतात. पूरण कस्सपाने तर सांगितले की गंगेच्या काठाने माणसे कापीत गेले तरी पाप नाही आणि दान करीत गेले तरी पुण्य नाही. (ही मते आपल्याला बौद्ध ग्रंथांतूनच कळतात, तेव्हा त्या दोघांना पुरता न्याय मिळाला असेलच असे नाही, हेही खरे.) पशुबळीचे यज्ञ तथागतांनाही मान्य नव्हते. पण जिथे बरे आणि वाईट यांतला फरकच पुसला जातो तिथे ते थांबले.

ते कुठे थांबले आणि का, हे नीट समजून घ्यावे, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. अंगुत्तरनिकायाच्या तिक निपातात एक छोटे सुत्त आहे. त्यात तथागत तीन मते पुढे घेतात. पहिले मत: माणसाला जे सुखदुःख होते ते सारे पूर्वजन्मीच्या कर्मामुळे. दुसरे: ते सारे ईश्वराने निर्माण केल्यामुळे. तिसरे: त्याला काहीच कारण नाही, सारे आपोआप. तथागत तिन्ही मतांच्या लोकांना एकच प्रश्न करतात. बरे तर, माणसे खून करतात, चोरी करतात, खोटे बोलतात, तेही पूर्वकर्मामुळेच? ईश्वरामुळेच? कारणावाचूनच? असे असेल तर हे करावे आणि हे करू नये असे म्हणायला जागाच कुठे उरली? इच्छेला, प्रयत्नाला जागा कुठे उरली?

पाहा, या तिघांपैकी एकाच मतात देव आहे. उरलेल्या दोघांचे देवावाचून चालते. तरी तथागतांनी तिघांना एका दावणीला बांधले, कारण तिन्ही मते माणसाचे हातपाय बांधतात. देव आहे की नाही एवढाच निकष असता, तर त्यांनी दोघांना शाबासकी दिली असती.

आणि यातले पहिले मत तर खास आपल्यासाठी शिजवलेले विष होते. मागल्या जन्मी पाप केलेस म्हणून या जन्मी महारवाड्यात जन्मलास. निमूटपणे गावकी कर, मेलेले ढोर ओढ, पुढच्या जन्मी बघू! आपल्या आज्यापणज्यांना हे इतक्या वेळा सांगितले गेले की त्यांनाही ते खरे वाटू लागले. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी कर्म आणि पुनर्जन्म या विषयाला एवढी जागा दिली ती उगीच नाही. पूर्वजन्मीच्या कर्मावर गरिबाचे दारिद्र्य ढकलणारा सिद्धान्त बुद्धाचा असूच शकत नाही, असे त्यांनी तिथे ठासून मांडले आहे. आता आपल्या घरी काय चालते? मुलगी नापास झाली, तिच्या नशिबातच नव्हते. जावई दारू पितो, तिचे भोग. असे बोलणाऱ्या घरात देवाचा एक फोटो नसेल, भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतील, तरी तिक निपातातले ते पहिले मत त्या घरात पाटावर बसून जेवते आहे.

आता दुसरी बाजू. देव मानणारे सगळे उथळ, हे तरी खरे काय?

बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. यांतले कबीर निर्गुण रामाचे भक्त. जोतीरावांनी सगळ्या माणसांचा एक निर्मिक मानला. त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त हा निर्मिक पानोपानी भेटतो. देव न मानणे हीच बुद्धीची कसोटी धरली, तर बाबासाहेबांच्या तीन गुरूंपैकी दोघे नापास होतात! मग बाबासाहेबांना हे कळत नव्हते काय? त्यांना पुरते कळत होते. जोतीरावांनी निर्मिक कशासाठी मानला ते पाहावे. एका बापाची सगळी लेकरे, मग त्यांत उच्चनीच कुठून आले, हे विचारण्यासाठी. त्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ सालापासून मधला भट काढून टाकला. देव ठेवला, पण त्याचा दलाल हाकलला, हे त्या काळी लहान काम नव्हते.

आणि चोखोबा? पंढरीच्या देवळाबाहेर उभे राहून विटाळ कुठून आला असे देवालाच विचारणारा चोखामेळा आणि देहच विटाळाचा तर मग सोवळा कोण, असे विचारणारी त्याची सोयराबाई यांच्या बुद्धीला उथळ म्हणण्याची माझी तरी छाती नाही. १९४८ साली प्रसिद्ध झालेला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ बाबासाहेबांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. तिघेही भक्त. पण तिघांनाही त्या भक्तीने देवळाच्या आत नेले नाही, हेही बाबासाहेबांना ठाऊक होते. चोखोबाचा प्रश्न खोल होता, तो विचारला मात्र भलत्याला. विटाळ माणसाने केला होता. जाब माणसाला विचारायला हवा होता. चौदाव्या शतकात, चारी बाजूंनी गावगाडा उभा असताना, एका एकट्या माणसाने तो विचारला नाही म्हणून आपण त्याला बोल लावू नये. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला तेव्हा तो प्रश्न माणसांना विचारला गेला. मूर्तीच्या दर्शनाने आपला उद्धार होईल म्हणून आपण हा लढा केला नाही, हे बाबासाहेबांनी पुढे स्पष्ट सांगितले आहे.

नास्तिकांतही असेच दोन प्रकार दिसतात. कुमारिलाचे पाहिले. त्याच्यासमोर आंध्रचे गोरा ठेवा. गोपराजू रामचंद्र राव हे जन्माने ब्राह्मण. त्यांनी १९४० साली नास्तिक केंद्र काढले आणि ते पुढे विजयवाड्याला नेले. देव नाही असे व्याख्यान देऊन ते घरी गेले नाहीत. अस्पृश्यांबरोबर सहभोजने केली. त्यांचे चिरंजीव लवणम् यांनी तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांच्या कन्या हेमलता यांच्याशी विवाह केला आणि जाषुवांनी अस्पृश्यतेचे चटके स्वतः सोसलेले होते. लाहोरच्या तुरुंगात १९३० साली फाशीची छाया डोक्यावर असताना भगतसिंगांनी आपण नास्तिक का, हे लिहिले. मरणाच्या दारातही देवाची मनधरणी करायची नाही, असा तो निर्धार होता. हा नास्तिकपणा उतरवून घेतलेला नव्हता, त्याची किंमत त्यांनी मोजली होती.

मग खोली मोजायची कशाने? कोसल देशातल्या केसपुत्त गावच्या कालामांनी तथागतांना जवळजवळ हेच विचारले होते. इथे जो येतो तो आपलेच मत खरे म्हणतो आणि दुसऱ्याचे खोटे. आम्ही कोणाचे ऐकावे? तथागतांनी दिलेले उत्तर आपण सभांतून पुष्कळदा सांगतो, पण अर्धेच. ऐकीव आहे म्हणून मानू नका, परंपरा आहे म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, एवढ्यावर टाळ्या पडतात आणि वक्ता खाली बसतो. पुढचे राहते. केवळ तर्काला पटते म्हणून मानू नका, हेही तिथे आहे. आपल्या आधीच्या मताशी जुळते म्हणून मानू नका, हे आहे. आणि शेवटी, हा श्रमण आमचा गुरू आहे म्हणून मानू नका, हेही आहे! मग काय करायचे? ही गोष्ट अंगीकारली तर माझे आणि इतरांचे अहित होते की हित होते, लोभ, द्वेष आणि मोह वाढतात की कमी होतात, हे स्वतः जाणून घ्या. मग सोडा किंवा धरा.

ही कसोटी दुधारी आहे. बाप सांगतो म्हणून देव मानणारा आणि बाबासाहेब सांगतात म्हणून देव न मानणारा, या दोघांनीही स्वतः काही जाणून घेतलेले नाही. दुसऱ्याचे उत्तर बरोबर आहे, एवढाच फरक. एक दिवस कोणी गोड बोलणारा बुवा भेटला, घरात आजार आला, धंद्यात खोट आली, की हाच देव न मानणारा गुपचूप गंडा बांधून येतो. कारण त्याने देव सोडला होता, देवाची गरज का वाटते ते पाहिले नव्हते. भीती तशीच होती. काही घरांत तर बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर परीक्षेच्या दिवशी मेणबत्ती लावून पास करण्याची याचना होते. १९४९ साली घटना समितीत शेवटच्या दिवसांत जो पुरुष राजकारणातल्या व्यक्तिपूजेविरुद्ध इतक्या कळकळीने बोलला, त्याच्याकडेच आपण नवस बोलायचा!

आता त्या आजीकडे येऊ. कारण या वादात सगळ्यात जास्त रडते ती तीच.

दीक्षेनंतर घरोघरचे देव नदीत, विहिरीत गेले. ते योग्यच झाले. प्रतिज्ञा घ्यायची आणि देव्हारा ठेवायचा, हे दोन्ही जमत नाही. पण कित्येक घरांत म्हातारीने खंडोबाचा टाक लुगड्याच्या घडीत दडवून ठेवला. नातवाला तो सापडला की तो सगळ्यांसमोर आजीला अडाणी म्हणतो, टाक भिरकावून देतो आणि आपण मोठे वैचारिक काम केले असे समजतो. मला त्याला विचारायचे आहे: त्या टाकाकडे ती काय मागत होती, हे तू तिला कधी विचारलेस काय? बहुधा ती तुझेच आयुष्य मागत होती. तिची दोन पोरे देवीने किंवा पटकीने गेली असतील. दवाखाना तिच्यासाठी नव्हता, शाळा नव्हती, पाणवठा नव्हता. उरला होता एवढा टाकच. ती चुकीच्या दारी गेली हे खरे, पण दुसरे एकही दार तिच्यासाठी उघडे नव्हते.

श्रावस्तीत मेलेले मूल कडेवर घेऊन फिरणारी किसा गोतमी तथागतांकडे औषध मागायला आली, तेव्हा तिला तथागतांनी आत्मा नाही, ईश्वर नाही, असे व्याख्यान दिले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरून मूठभर मोहरी आण, एवढेच सांगितले. ती दारोदार गेली आणि जे कळायचे ते तिचे तिलाच कळले. राजगृहाचा सिगाल ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता, कारण मरताना बापाने तसे सांगितले होते. त्याला तथागत मूर्ख म्हणाले नाहीत. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायकामुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारे कामकरी आणि वरची म्हणजे श्रमण-ब्राह्मण. यांच्याशी नीट वाग, म्हणजे दिशांना नमस्कार घडला. त्याच्या हातातले कर्मकांड न हिसकावता तथागतांनी ते आतून बदलले. टाक फेकायला मनगटाचा जोर पुरतो. हे करायला माणूस समजावा लागतो. अशी समज म्हणजेच प्रज्ञा. बाबासाहेबांनी तिच्यासोबत शील आणि करुणा सांगितली ती एवढ्यासाठीच. नुसत्या विद्येने माणूस कुमारिलही होऊ शकतो.

तरुणांचा आणखी एक प्रश्न उरतो. देव नाही तर वंदना कशाला, हात कोणाला जोडायचे? प्रश्न रास्त आहे, त्याला उद्धट म्हणून झिडकारू नये. पंचशील घेताना आपण कोणाकडे काही मागत नाही. हिंसेपासून, चोरीपासून, व्यभिचारापासून, खोटे बोलण्यापासून, नशेपासून दूर राहण्याचा नियम मी स्वतः पाळीन, असे आपण आपल्याच तोंडाने म्हणतो. त्यात 'मला दे' हा शब्दच नाही. पण हे मुलांना ठाऊक कसे होणार? पाली शब्द पाठ, अर्थ मात्र बापालाही येत नाही. अर्थावाचून म्हटलेली पाली आणि अर्थावाचून ऐकलेले संस्कृत यांत मग फरक काय राहिला? मुलाने अर्थ विचारला आणि येत नसेल, तर बापाने सरळ सांगावे: मला येत नाही, रविवारी विहारात विचारू. यात लाज वाटण्याचे कारण नाही. केवट्ट सुत्तात एक भिक्षू थेट महाब्रह्म्याला प्रश्न विचारतो. तो बराच वेळ आपले मोठेपण सांगत राहतो आणि शेवटी भिक्षूचा दंड धरून त्याला बाजूला नेतो व हळूच म्हणतो, या देवांसमोर बोलता येईना, पण मलाही ते ठाऊक नाही. तू बुद्धांनाच विचार. ब्रह्मदेवाला चारचौघांत जे जमले नाही ते आपल्या घरातल्या बापाला जमायला हरकत नाही.

येत्या वर्षावासात, आषाढ पौर्णिमेपासून, पुष्कळ विहारांत आणि घरांत 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन बसेल. तिसऱ्या खंडात 'अधम्म म्हणजे काय' हे सांगणारा भाग आहे. ईश्वरावरील विश्वास हा धम्माचा भाग नाही, हे प्रकरण तिथे येते आणि ते सर्वत्र मोठ्याने वाचले जाते. वाचणाऱ्यांनी तिथे पुस्तक मिटू नये. त्याच भागात पुढे आणखी दोन प्रकरणे आहेत: धम्माची पुस्तके नुसती वाचणे म्हणजे धम्म नव्हे, आणि धम्माची पुस्तके कधीच चुकू शकत नाहीत असे मानणे म्हणजेही धम्म नव्हे. ती दोन्ही त्याच बैठकीत वाचावीत, आजीला पुढे बसवून, आणि नातवाला तिच्या शेजारी.